बैलाला आवतण

आमच्या जिल्ह्यात सिंदी दोन. एक वर्धा शहराला चिकटलेली सिंदी (मेघे) आणि दुसरी आमची, नागपूर-वर्धा लाइनीवरची, म्हणून सिंदी (रेल्वे). पासपोर्टवर जन्मस्थान कंसासकट छापलंय. इथे अमेरिकेत, एडिसनला कुठलाही अर्ज भरायला गेलो की खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, हे गाव आहे की स्टेशन? चौदा वर्षांत मी दोन्हीला हो म्हणून पाहिलंय.

2025 मध्ये 22 ऑगस्टला पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदीचा तान्हा पोळा आमच्या भागात नावाजलेला. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं ओढत आणतात, मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. सकाळीच मायचा व्हिडिओ कॉल. "काऊन रे, पोट्टीचा बैल काढला का माळ्यावरून?" माय, इथे माळा नसते, असं मी दरवर्षी सांगतो. बैल राउटरशेजारी उभा असतो. 2011 साली बॅगेतली लोणच्याची बरणी काढून त्याला जागा केली होती. पोट्टी तेव्हा तीन वर्षांची होती, आता सतरा.

त्याच ऑगस्टच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आमच्या ग्रीन कार्डाच्या रांगेची तारीख होती 1 जानेवारी 2013. माझं लेबर, म्हणजे रांगेतली माझी तारीख ठरवणारा अर्ज, फाइल झालं 2015 मध्ये. म्हणजे अडीच-तीन वर्षंच मागे, असं कुणालाही वाटेल. पण ही रांग कधी महिनोन् महिने हलत नाही, कधी उलटी जाते. 1990 च्या कायद्याने नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 ठरवली आणि एका देशाला सात टक्के. एच-वन-बीला, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या व्हिसाला, मात्र देशाची अशी अट नाही. ओसरी मोठी, माजघराचं दार अरुंद. ओसरीवरच पोरगी मोठी झाली. 2029 मध्ये ती एकवीस वर्षांची होईल. तोवर नंबर लागला नाही तर माझ्या फाइलमधून तिचं नाव गळेल आणि ज्या गावात ती बालवाडीपासून शिकली तिथेच राहायला तिला परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा मागावा लागेल.

आता इथल्या मराठी मंडळातली गोष्ट सांगतो, स्वतःची लाज बाजूला ठेवून. 2017 मध्ये सिनेटमध्ये एक विधेयक आलं होतं: नोकरीवाल्यांना गुण द्या, भाऊ-बहिणी, मोठी मुलं यांच्या रांगा बंद करा. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या पानावर आमच्यातला एक जण म्हणाला, "बरोबरच आहे. आपण परीक्षा देऊन आलो, हे लोक मामा-काका आणत बसतात." मी मान डोलावली. ओक ट्री रोडवर ज्याच्या दुकानातून आम्ही ज्वारीचं पीठ आणतो, तो बहुधा अशाच एखाद्या मामाच्या बोटाला धरून आला असेल. आणि मी? पहिले तीन महिने चुलतभावाच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपलो. गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. माझ्या गुणवत्तेला ती गादी नसती तर ती डिसेंबरात गारठली असती.

या भांडणाचं मूळ शोधलं तर हसू येतं. 1965 चा इमिग्रेशनचा कायदा होत असताना सरकारचा मूळ बेत होता, निम्म्या जागा कौशल्याला. प्रतिनिधिगृहातल्या उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन यांनी तो फिरवून नात्याला पुढे आणलं. हिशेब असा की देशात आहेत बहुतेक गोरे, तर तेच आपापले गोरे पाहुणे आणतील. शेवटी कौशल्याच्या दोन गटांना दहा-दहा टक्के उरले. मग युरोपातून यायची ओढच कमी झाली आणि आशियातून आलेल्या डॉक्टर-इंजिनियरांनी त्याच नात्याच्या दारातून भावंडं आणली. भारतीय भावंडांच्या त्या रांगेत 2025 मध्ये 2006 चे अर्ज चालले होते. फीगनसाहेबांनी परक्यांना अडवायला जी कडी बसवली, तिनेच दार उघडलं.

आणि नात्याविरुद्ध कौशल्य असा हिशेब मांडणारे एक विसरतात. ते 1,40,000 मोजताना बायकापोरंही त्यातच धरतात. निम्म्याहून जास्त कार्डं त्यांनाच जातात. बायकोला इथे 2015 पर्यंत नोकरीची परवानगी नव्हती, पण रांगेत तिचं डोकं पूर्ण मोजलं जातं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. जू वाहून सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. इथल्या कंपनीने मलाही आवतण दिलं ते खांदा पाहूनच, माझी तक्रार नाही. पण मोठा पोळा भरवायचा आणि तान्हा पोळा भरवावा की नाही यावर इथल्या संसदेत तीस वर्षं वाद घालायचा, हे सिंदीत कुणाला समजावून सांगता येत नाही.

19 सप्टेंबरला नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. तेव्हा पितृपक्ष चालू होता. आमच्यातला एक जण वडिलांच्या पहिल्या सर्वपित्रीसाठी नागपूरला गेलेला. पान वाढायला एक दिवस उरला असताना वकिलाचा निरोप आला, परत फिरा. तो फिरला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की हातात व्हिसा असलेल्यांना हे लागूच नाही. तोवर तो अबूधाबीच्या विमानतळावर बसला होता. पान धाकट्या भावाने वाढलं.

माय एकटी आहे. नागरिक झाल्याशिवाय आईला आणता येत नाही, आणि नागरिक व्हायला ग्रीन कार्डानंतर आणखी पाच वर्षं. हे गणित मी तिला कधी सांगितलं नाही. ती विचारते फक्त, "यंदाबी नाही का?"

काल रात्री पोरगी कॉलेजचा अर्ज भरत बसली होती. नागरिकत्व, भारत. जन्मस्थान टाइप करता करता थांबली.

"बाबा, हे रेल्वे कंसातच लिहायचं ना?"