देनेन-चोफू : मळ्यांतले उपनगर आणि त्याची आगगाडी

टोकियोतल्या शिबुयाहून तोयोको रेल्वेमार्गाने आलेला प्रवासी देनेन-चोफूला जमिनीखालच्या फलाटावर उतरतो आणि वर येऊन पश्चिमेला वळताच दुहेरी उताराच्या छपराची, युरोपीय खेड्यातल्या घरासारखी इमारत त्याच्यासमोर येते. १९२३ साली बांधलेली ही स्थानकाची वास्तू रूळ भूमिगत करताना १९९० मध्ये उतरवली गेली आणि २००० मध्ये पुन्हा उभारली गेली. आज मात्र तिचा उपयोग केवळ वेशीसारखा आहे. तिच्यापलीकडे अर्धवर्तुळाकार रस्ते एकामागून एक पसरलेले असून त्यांना छेदणारे, गिंको वृक्षांच्या रांगांचे रस्ते थेट स्थानकाशी येऊन मिळतात, त्यामुळे या वस्तीचा केंद्रबिंदू कोणता, हे नकाशावाचूनही कळते.

उद्योगपती शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये स्थापन झालेल्या 'देनेन तोशी', म्हणजे उद्याननगर, या कंपनीने टोकियोच्या नैर्ऋत्येची शेतजमीन घेतली, परंतु शहराशी जोडणारी गाडी नसल्यास असे भूखंड कोण घेणार, हा प्रश्न होताच. ओसाका परिसरात लोहमार्गालगत घरे बांधून ती हप्त्यांनी विकणाऱ्या कोबायाशी इचिझो यांनी त्यासाठी रेल्वेव्यवसायातले गोतो केइता यांचे नाव सुचवले. १९२२ मध्ये रेल्वेची स्वतंत्र कंपनी निघाली, मार्च १९२३ मध्ये गाडी धावू लागली आणि ऑगस्टमध्ये येथील भूखंडांची विक्री सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, १ सप्टेंबरला, झालेल्या महाभूकंपाने दाट वस्तीचे टोकियो बेचिराख केले व मोकळ्या उपनगरांकडे ओघ वाढला. १९२८ मध्ये तर रेल्वे कंपनीनेच आपल्या जन्मदात्या कंपनीला पोटात घेतले. आजच्या तोक्यू या रेल्वे-उद्योगसमूहाचे मूळ येथे आहे.

उद्याननगराची मूळ कल्पना मांडणारे इंग्रज एबेनेझर हॉवर्ड यांच्या आराखड्यात रहिवाशांच्या रोजगाराची सोय तिथेच असायची आणि जमीन सामुदायिक मालकीची राहायची. येथे ती खाजगी झाली आणि नोकरीसाठी रोज गाडी पकडणे गृहीत धरले गेले. नाव हॉवर्ड यांच्याकडून घेतले खरे, पण उरले ते उपनगरच, तेही सधनांचे. उंच भिंतींऐवजी ठेंगणी कुंपणे आणि भूखंडाचा मोठा भाग मोकळा, हे सुरुवातीचे दंडक मात्र होराई उद्यानाकडे उतरताना अजूनही बऱ्याच घरांत दिसतात, जरी वारसाकराच्या ओझ्याने काही मोठे भूखंड तुकड्यांत विकले गेले आहेत.