बोट थांबवायची कुणी?

आज पिकाचं नाही, पाण्याचं लिहितोय. वळवाचे दिवस आलेत. उजनीच्या फुगवट्याकाठच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी वाचा.

21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून (ता. करमाळा) कळाशीला (ता. इंदापूर) येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. बाकी सहा जण गेले, त्यात दोन लहान लेकरं. एनडीआरएफचे जवान आले, मृतदेह तिसऱ्या दिवशी सापडले.

बाहेरचे म्हणतात, अडाणी लोकं. तसं नाही ओ. मे महिन्यात दुपारनंतर वारं कसं फिरतं हे आपल्या शेंबड्या पोराला पण कळतं. अडचण दुसरीच आहे.

एक तर रस्ता. पलीकडं गाडीनं जायचं म्हणजे भिगवणकडून नायतर टेंभुर्णीकडून वळसा. पूल होईल तेव्हा होईल, तोवर बोट सुटत नाही.

दुसरं, मोबाईलवर वादळाचा मेसेज येतो तो अख्ख्या पुणे जिल्ह्याचा. लोणावळ्याला पाऊस आणि इंदापूरला ऊन, असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी कोण बघतंय? आणि पलीकडचा काठ तर सोलापूर जिल्ह्यात, त्यांचा मेसेज वेगळा.

तिसरं, जॅकेट. उकडतं, चारचौघात लाज वाटते, आणि लेकरांच्या मापाचं तर नसतंच.

पण सगळ्यात मोठी अडचण म्हणजे 'नाही' म्हणायची. बोटवाला आपलाच माणूस. प्रवासी पाहुणाच निघतो. कुणाला दवाखाना, कुणाला लग्न. आभाळ भरलेलं दिसतंय तरी त्यानं कुणाला तोंडावर नाही म्हणायचं? म्हटलं तर वाईट तोच.

म्हणून ग्रामसभेतच ठरवून टाकू. पश्चिमेला ढग उठला की बोट सुटणार नाही. सरपंचाचा पाहुणा असला तरी नाही. दोन्ही काठांवरची दोन-दोन माणसं एकमेकांना फोन करतील, एकानं थांबवली की दुसऱ्यानं पण थांबवायची. लेकरांची चार जॅकेटं वर्गणीतून घेऊ. धक्क्यावर दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबा कायम ठेवू, कारण मदत पुण्याकडून येईस्तोवर काठावर आपणच असतो.

नियम आधीच ठरलेला असला की कुणाचं मन मोडत नाही. तुमच्या काठाला काय ठरलंय ते खाली लिहा.