भरली की निघू

आजऱ्याचं पाणी हिरण्यकेशीतून घटप्रभेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. आंबोलीचा घाट उतरला की अरबी समुद्र, पण त्याच्याशी आमचं नातं मालाचं. वेंगुर्ल्याकडून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. तांदूळ, गूळ खाली जायचा. एसटी चुकली की आम्हीही त्या मालाबरोबर जायचो. ट्रक कधी सुटणार असं विचारलं, की ड्रायव्हर म्हणायचा, "भरली की निघू." भाडं पोत्यांचं, आपण वरकड. पण हौद्यात घनसाळ हा वासाचा तांदूळ असेल तर केबिनमध्ये बसूनही कळायचं, आपण कुणाच्या सोबतीनं निघालो आहोत.

मालवाहू जहाजावरचा प्रवासी असाच वरकड असतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा जहाजावर जास्तीत जास्त 12 प्रवासी. तेरावा चढला तर ते प्रवासी जहाज ठरतं आणि सगळे नियम बदलतात. जहाज मात्र 400 मीटर लांबसुद्धा असतं. प्रवाशानं अधिकाऱ्यांबरोबर जेवावं, डेकवर फिरावं, बाकी वेळ आपला आपण घालवावा. वेग अठरा नॉट धरला तर ताशी जेमतेम 33 किलोमीटर. कोणत्या बंदरात किती थांबायचं, हे माल ठरवणार. 1956 साली 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि बंदरांची रीतच पालटू लागली. पोती पाठीवरून उतरत तेव्हा जहाज दिवसच्या दिवस धक्क्याला असे, खलाशी गाव बघून येत. आता काही तासांत क्रेन काम उरकतात.

मला असा प्रवास करायचा आहे, आणि त्याचं कारण काजू आहे. आजरा-चंदगड भागात काजूच्या बागा आहेत, प्रक्रियेचे कारखानेही आहेत. पण देशभरातल्या कारखान्यांची भूक इथल्या बियांनी भागत नाही. टांझानिया, आयव्हरी कोस्टसारख्या देशांतून कच्ची बी जहाजानं येते. तसा आपला काजूही मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो गोव्याला उतरला. आज ज्याला आपण घाटावरचं पीक म्हणतो, तो कधीकाळी समुद्रावरचा प्रवासीच होता.

कंटेनरनं वाहतूक इतकी स्वस्त केली, की अंतर किमतीत दिसेनासं झालं. पेटी बंद, तिला वास नाही. शेजारच्या पेटीत काय आहे हे बहुधा खलाशालाही ठाऊक नसतं. काजूगराच्या पुडीवर वजन असतं, दर असतो, तारीख असते. पण तिच्यामागचे समुद्रावरचे दिवस कुठंच छापलेले नसतात. ते कळायचे तर कुणीतरी मालाच्या चालीनं, त्याच्याशेजारी बसून यायला हवं. तेवढ्यासाठी बारा जागा पुष्कळ झाल्या.