दिसत नाही ती ज्योत

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत होते, त्या दिवसांत माझी उन्हाळी इंटर्नशिप सुरू झाली. मेट्रोने साकीनाका, तिथून बसने पवई. आयआयटीच्या एरोस्पेस विभागात दिवस जायचा आणि रात्री खिडकीतून खारा वारा येत असताना लॅपटॉपवर तीच आकडेमोड पुढे चालायची.

विषय होता रॉकेट इंजिनातलं ज्वलन, पण आग कुठेच नव्हती. ज्वलनकक्षाचे लाखो बारीक कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यातला दाब, वेग, तापमान काढायचं आणि काळाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान पावलांनी पुढे न्यायचं.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, हे शाळेत एका ओळीत शिकलो होतो. त्या ओळीच्या पोटात आठ घटक आणि वीसेक अभिक्रिया असतात. त्यांतल्या हायड्रॉक्सिलवर माझा जीव जडला. क्षणापुरतं आयुष्य असलेला हा तुकडा! हायड्रोजनची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ती कुठे आहे ते हाच सांगतो. पडद्यावर त्याची बारीक रेघ उमटली की मी कितीतरी वेळ नुसता बघत राहायचो.

आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या सीई-२० इंजिनात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन वापरतात, आणि ते जळताना तापमान ३,००० अंशांच्या घरात जातं. अशा आगीला मोठा धोका असतो तो आवाजाचा. लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये त्याचं कारण सांगितलं: दाब चढतो त्याच क्षणी उष्णताही मिळाली, तर कंपन वाढत जातं. किनाऱ्यावर होडी ओढताना सगळ्यांचा जोर एकाच आरोळीला लागावा, तसं. अपोलो मोहिमांच्या एफ-१ इंजिनातलं हे कंपन आवरायला १९६२ ते १९६५ या काळात पूर्ण आकाराच्या सुमारे २,००० चाचण्या घ्याव्या लागल्या. पेटलेल्या इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवायचे आणि ते सावरतंय का, हे बघायचं! इतकी इंजिनं जाळावी लागू नयेत, म्हणून ही सगळी आकडेमोड.

पण पडद्यावरची ज्योत देखणी दिसली म्हणून खरी ठरत नाही. प्रयोगात मोजलेल्या आकड्यांशी ती जुळावी लागते. इंटर्नशिप शोधणाऱ्या मुलामुलींनो, पहिल्याच आठवड्यात अख्खं इंजिन मागू नका. कुणीतरी नीट मोजून ठेवलेली एखादी साधी ज्योत मागा, आणि तुमचे आकडे तिच्याशी जुळेपर्यंत तिला सोडू नका.