डब्यातली शिम

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गुरुग्रामला घरी गेलो, तेव्हा आमची जिप्सी आजारी होती. मारुती जिप्सी १९८५ पासून याच शहरात तयार व्हायची, आणि फौजेत तर ती सगळ्यांच्या ओळखीची. माझे बाबा ईएमईमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर जिप्सी दुरुस्त केल्या, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी घरासाठीही एक जुनी जिप्सीच घेतली.

आजार असा होता : ताशी ६० च्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थडाथडा हलायचं. गाडी अगदी हळू केल्याशिवाय ते थांबत नसे. मी लगेच निदान केलं, "बाबा, चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय." बॅलन्सिंग करून घेतलं. काहीच फरक नाही. मग मी म्हणालो, "स्टिअरिंग डॅम्पर बदलू या." बाबा म्हणाले, "आधी बघ, मग बोल."

जिप्सीला मागच्यासारखाच पुढेही सलग अ‍ॅक्सल असतो, त्यामुळे एका चाकाची थरथर दुसऱ्यापर्यंत पोचते. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना चाक वळवणारा नकल असतो. तो वर-खाली बसवलेल्या दोन किंगपिनांवर फिरतो. बाबांनी मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली आणि मला चाक वरून-खालून धरून हलवायला सांगितलं. खटखट लागली. मग त्यांनी आत बसून ब्रेक दाबला. "आता?" खटखट तशीच होती.

ब्रेक दाबला की चाक नकलशी जखडलं जातं. तेव्हा खटखट थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. नाही थांबली, तर किंगपिनच्या बेअरिंगचा. परीक्षा दोन मिनिटांची होती, आणि मी बॅलन्सिंगवर पैसे घालवून बसलो होतो!

यलो लाइन मेट्रोने थेट काश्मिरी गेटला जाऊन आम्ही बेअरिंग आणि ऑइल सील आणले. नकल उघडला तर आत ग्रीस आणि गिअर ऑइलचा काळा चिखल. म्हणजे सीलही गेले होते.

किंगपिनखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. त्यांना शिम म्हणतात. शिम कमी केली की बेअरिंगवरचा दाब वाढतो आणि नकल जड फिरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ताणकाटा लावून हा जडपणा मोजतात. डावी बाजू बाबांनी मोजून बसवली. उजवी मला दिली. अंधार पडत आला होता, मी घाई केली.

"मोजलंस?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. मोजलं नव्हतं.

रात्री सुटे भाग धुतलेला डिझेलचा डबा रिकामा करताना तळाला एक शिम चिकटलेली दिसली. ती उजव्या बाजूची होती. सकाळी आम्ही सगळे लॅन्सडाउनला निघणार होतो. घाटाचा रस्ता, आई आणि धाकटी बहीण गाडीत, आणि वळणावरून नीट परत न येणारं स्टिअरिंग! मी शिम खिशात टाकली आणि अंथरुणावर पडलो. झोप लागली नाही. पहाटे चारला बाबांना उठवलं आणि तळहातावरची शिम दाखवली.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिम राहणं ही चूक आहे. ती माझ्याकडूनही झाली आहे. पण तुझ्या 'हो'वर मी सगळ्यांना गाडीत बसवणार होतो."

आम्ही चाक पुन्हा काढलं. ताणकाटा या वेळी बाबांनी माझ्या हातात दिला, आणि काटा दोघांनी मिळून वाचला. आम्ही दुपारी निघालो. वाटेत ताशी ६० ला एक मोठा खड्डा लागला. स्टिअरिंग हललं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

"कर्म ही धर्म" हे ईएमईचं ब्रीद घरातल्या एका फोटोवर मी लहानपणापासून वाचत आलोय. शाळेत इन्स्पेक्शनच्या वेळी "सगळं तपासलं?" असं विचारलं की आम्ही सगळे एका दमात "येस सर" म्हणतो. मीही म्हणतो. पण आता त्याआधी मला तो डिझेलचा डबा आठवतो, आणि मी एकदा परत जाऊन बघून येतो.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी