बॅटीचा भाव आणि बाईंचा पगार

मैत्रिणींनो, मार्च संपत आला की घराघरांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एकीकडे मुलांच्या परीक्षा आणि दुसरीकडे टीव्हीवरचं क्रिकेट. पुस्तक मांडीवर नि डोळे पडद्यावर! अशा वेळी आपण "अभ्यास कर रे, अभ्यासानंच माणूस मोठा होतो" असं म्हणायला जावं, तर हल्लीची मुलं आपल्यालाच गप्प करतात. "आई, ऋषभ पंतला लिलावात 27 कोटी मिळाले. आमच्या बाईंना किती मिळतात गं?" आता यावर काय बोलणार, सांगा!

प्रश्न चावट असला तरी खोटा नाही. आणि "मोठ्यांना उलट बोलू नये" हे काही त्याचं उत्तर नव्हे. आमच्या घरात सासरे प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि पुतणीही शिकवते. त्यामुळे हा हिशेब मला जरा बारकाईनं करून पाहावासा वाटला. तुम्हालाही तो उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिली गोष्ट ही, की खेळाडूंना पैसा पूर्वीपासून मिळत नव्हता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं तर पैसे नाहीत. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या लढवून ते घर सोडवलं. पाहा, तेव्हा खेळाडूला मास्तरांच्या घराचा आधार लागला होता!

क्रिकेटचीही तीच कथा. 1983 साली कपिल देवच्या संघानं विश्वचषक जिंकला, पण बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पुरेसे पैसे नव्हते. शेवटी लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला, 20 लाख रुपये जमले, आणि एकेका खेळाडूला 1 लाख देता आले. आता त्याच मंडळानं आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच वर्षांचे सामने दाखवायचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले. एका सामन्याचे झाले सुमारे 118 कोटी!

मग चाळीस वर्षांत खेळाडू काय इतके पटीनं चांगले खेळायला लागले? छे! बॅट तीच, चेंडू तोच. बदलला तो प्रेक्षक. पूर्वी मैदानात मावतील तेवढीच माणसं सामना पाहत. मग टीव्ही आला, पाठोपाठ खासगी वाहिन्या आल्या, आता तर हातातल्या मोबाईलवर सामना दिसतो. कबड्डीचं पाहा ना. आपल्या मातीतला खेळ, पण खेळाडूला रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी लागली तर नशीब म्हणायचं. 2014 साली कबड्डीची लीग टीव्हीवर आली आणि 2018 च्या लिलावात बोली कोटीच्या वर गेली.

हा पैसा देतं कोण, ठाऊक आहे? आपणच. वाण्याकडून साबण, बिस्किटं, दंतमंजन आणतो ना, त्यांच्या किमतीत जाहिरातीचा खर्च धरलेला असतो. तो थेंबाथेंबानं आपल्याच पिशवीतून जातो. समजा एक सामना दहा कोटी माणसांनी पाहिला. त्या 118 कोटींचे माणशी बारा रुपयेसुद्धा होत नाहीत. ते सगळे बावीस खेळाडूंत वाटले, तरी एका खेळाडूमागे तुमचा वाटा जेमतेम अर्धा रुपया.

आता बाईंचा हिशेब मांडा. चाळीस मुलांचा वर्ग आणि बाईंना महिना पन्नास हजार पगार असं धरलं, तर एका मुलामागे महिन्याला 1250 रुपये होतात. म्हणजे माणशी पाहिलं तर आपण खेळाडूपेक्षा शिक्षिकेलाच कितीतरी जास्त देतो! फरक इतकाच, की खेळाडूचा एक षटकार एकाच वेळी कोट्यवधींना दिसतो. बाईंचा हात मात्र एका वेळी चाळीस पाट्यांवरूनच फिरू शकतो. फिरायलाही तेवढ्यांवरूनच हवा. चारशे मुलं समोर बसवली तर बाईंचा पगार वाढवता येईल, पण तुमच्या मुलाचा चुकलेला हातचा कोण बघणार?

दुसरं कारण दुर्मिळतेचं. हे आपल्याला बाजारात रोज कळतं. जालन्याची मोसंबी एकदम बाजारात उतरली की भाव पडतो. मोसंबीची गोडी काही कमी झालेली नसते. डी.एड., बी.एड. झालेल्या मुली-मुलगे गावोगाव आहेत, आणि एका जागेला अर्ज ढीगभर येतात. पंतसारखा खेळणारा मात्र एखादाच. आणि पाणी? त्याच्यावाचून दिवस निघत नाही, पण नळ सुरू असला की आपण त्याची किंमत करत नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याच्या बायकांना ती चांगलीच कळली. मोसंबीच्या बागा वाळल्या, टँकरची वाट पाहत दिवस गेले. शिक्षिका ही अशी पाण्यासारखी असते. भाव आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. घरातल्या आपल्या कामाचा तरी भाव कुठे ठरलाय? म्हणून काय त्याला मोल नाही?

"मग बाजारच तसा आहे, काय करणार!" असं म्हणून मात्र गप्प बसू नका. कारण खेळाडूचा भाव बाजार ठरवतो, पण शिक्षकाचा पगार बाजार एकटा ठरवत नाही. तो सरकार ठरवतं, संस्थाचालक ठरवतात आणि त्यांच्यामागून आपण ठरवतो. आपल्या राज्यात 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना 3000 रुपये मानधन, काम मात्र पूर्ण शिक्षकाचं. वाढत वाढत 2023 मध्ये ते 16,000 झालं. एवढ्यात तरुण मुलीनं भाड्याची खोली घेऊन, गावाला जाऊन-येऊन, तीन वर्षं काढायची. खासगी शाळांत तर याहून वाईट अवस्था. माझी पुतणी एका इंग्रजी शाळेत शिकवते. तिथली फी दरवर्षी वाढते, तिचा पगार मात्र आहे तिथेच आहे. फी भरताना "यातलं बाईंना किती?" असं विचारणारी एकही आई तिला अजून भेटलेली नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. त्याला क्रिकेटपटूच व्हायचं असेल तर? जालन्याचंच उदाहरण घ्या. आपल्या विजय झोलनं 2011 साली एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. 2014 च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला, आणि त्याच वर्षी बंगळूरच्या संघानं त्याला 30 लाखांना घेतलं. सगळ्या जिल्ह्याची छाती फुगली. त्याच युवा संघात श्रेयस अय्यर होता. त्याला 2024 च्या लिलावात 26 कोटी 75 लाख मिळाले. विजयची वाट मात्र भारताच्या मोठ्या संघापर्यंत पोचली नाही. गुण होते, कष्ट होते, देशाचं कर्णधारपद होतं, तरीही! आयपीएलच्या दहा संघांत मिळून जास्तीत जास्त 250 जागा, त्यातल्या 80 पर्यंत परदेशी खेळाडूंना. बाकीच्या जागांवर सगळ्या देशाच्या मुलांचे डोळे. शिक्षकांच्या जागा एकट्या आपल्या राज्यात काही लाख आहेत. ते 27 कोटी दिसतात, पण त्यांच्यामागे रिकाम्या हातानं परतलेली हजारो मुलं दिसत नाहीत.

म्हणून मुलाला खेळू द्या, जरूर खेळू द्या. शरीर बनतं, हार पचवायची सवय लागते. पण क्लबच्या फीसाठी दागिने मोडायच्या आधी आणि मुख्य म्हणजे शाळा सोडवायच्या आधी त्याच्याबरोबर बसून हा हिशेब कागदावर मांडा. मुलीलाही बसवा हं! 2022 पासून भारताच्या महिला क्रिकेटपटूंना सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच मिळतं. सांगलीच्या स्मृती मानधनाला 2023 च्या महिला लिलावात 3 कोटी 40 लाख मिळाले. जुन्या समजुतींचा भावही बदलतो तो असा.

आणि त्याला परितेवाडीच्या गुरुजींचीही गोष्ट सांगा. सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या वर. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. कोटी मिळाल्यावर मास्तर काय करतात, हे मुलांना कळलेलं बरं!

आपल्या हातातलं एक काम मात्र राहून जातं. शिक्षणहक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान पाऊण सभासद पालक, आणि एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या खुर्च्या आपल्यासाठीच आहेत. पण सभेचा कागद घरी आला की आपण नुसती सही करून परत पाठवतो. एकदा जाऊन बसा. आपल्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, किती जण मानधनावर आहेत, ते विचारा. मुलं खासगी शाळेत असतील तर फीची पावती घेताना बाईंच्या पगाराची चौकशी करा. एकीनं विचारलं तर हसतील, दहाजणींनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

सामना अगदी मजेत पाहा, माझी ना नाही. सांजवात लावून, भाजी चिरता चिरता आमच्याकडेही पाहतात. पण पंतच्या षटकाराला जशी टाळी पडते, तशी एखादी मुलाला पहिल्यांदा जोडाक्षर वाचता आलं त्या दिवशी त्याच्या बाईंसाठीही वाजू द्या. आणि ती त्यांना ऐकू जाईल अशी, शाळेत जाऊन वाजवा.