शोकेसमधली हवा

जुन्या नाशकातला वाडा उतरवला की त्याचं सागवान वखारीत येतं. शोकेससाठी तसलीच एक तुळई आणली. करवतीला लावण्याआधी शेजारचे सुतारमामा म्हणाले, "भाऊ, आधी लोहचुंबक फिरवा. कोणी कुठं खिळा मारून ठेवलाय, काय सांगावं?" फिरवलं. गाठीशेजारी गंजका खिळा निघालाच.

*

लाकूड लांबीत वाढत नाही म्हटलं तरी चालेल. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं. म्हणून मागची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवली. फेविकॉल नाही.

*

आत ठेवायच्या घरातल्या शिवराया, राणीछाप रुपये आणि मित्राची सातवाहनकालीन शिशाची नाणी. घोळ शिशाचा. वाळलेल्या लाकडातूनही ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरची, वाफ थोडी थोडी सुटत राहते. बंद काचेआड ती साठते, शिशावर पांढरी भुकटी धरते आणि नाण्यावरचा हत्ती तिच्याबरोबर झडतो. ओक यात सर्वांत बदनाम. प्लायचंही तसंच, त्याच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतं. चांदीचं दुखणं निराळं: गंधक. त्यामुळे लोकरी बनात आणि रबर दोन्ही बाद. दुकानदार नेमकं तेच गळ्यात मारतात.

*

ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडींनी १९७३ मध्ये यावर साधी चाचणी सुचवली. चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या आणि शोकेससाठी वापरायच्या सामानाचा तुकडा, थोड्या पाण्यासह बंद नळीत, ६० अंशांवर २८ दिवस. मी बरणीत सागाचा तुकडा आणि गळाला लावायचं शिसं घालून गच्चीवर उन्हात ठेवली. शिसं पांढुरकं झालं. मित्राची नाणी काचेच्या डबीतच राहतील.

*

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. सुमारे अठराशे वर्षं मातीत राहूनही दोन्ही ठसे वाचता येतात. आमच्या दिवाणखान्याबद्दल मी एवढी खात्री देणार नाही.

*

लाकडाची वाफ अडवायला शोकेसला आतून ॲल्युमिनियमची फॉइल, वर धुतलेलं पांढरं सुती कापड. चपडीचं पॉलिश फक्त बाहेरून.

*

वरचा खण घरच्यांनी मागून घेतला, तांबट आळीतल्या तांब्या-भांड्यासाठी. त्याला डाग पडला तर चिंच-मीठ आहे. शिवराईला ते कोणी लावू नये म्हणून खालच्या खणाला कुलूप बसवलं.